क्रीडागुरू जॉन मॅकलेंडन

आपल्या स्मरणिकेच्या चरित्रविभागात आजवर संतांची, समाजसुधारकांची आणि ज्ञातीतील दानशूर गृहस्थांची चरित्रे येत आली आहेत. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत ते गृहस्थ परदेशी, परधर्मीय आणि व्यवसायाने बास्केटबॉल शिकविणारे होते, हे पाहून काही वडीलधाऱ्या ज्ञातिबांधवांस नवल वाटेल. खेळ शिकविणाऱ्याचे चरित्र ते काय, असेही कोणी म्हणेल. परंतु जॉन मॅकलेंडन यांनी आपल्या उमेदीची बावीस वर्षे ज्या महाविद्यालयांत घालविली, ती अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांसाठी निराळी काढलेली आणि तुटपुंज्या पैशावर चालणारी लहान महाविद्यालये होती. मोठ्या घराचे दार आपल्या मुलांना उघडले जावे म्हणून हा मनुष्य आयुष्यभर झटला. आणि ते दार उघडले तेव्हा आपले लहान घर रिकामे होऊ लागलेले त्याला पाहावे लागले. ज्ञातिसंस्थेच्या सभासदांना ह्यात आपल्या घरचेही काही दिसेल, असे आम्हांस वाटते.

मॅकलेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजी कॅन्सस राज्यातील हायावाथा ह्या गावी झाला. वडील कृष्णवर्णीय, आईच्या अंगी डेलावेअर जमातीच्या मूळ रहिवाशांचे रक्त होते. १९१८ साली इन्फ्लुएंझाची जी साथ जगभर पसरली, आपल्याकडे जिला मानमोडी म्हणत, तिने ह्या तीन वर्षांच्या मुलाची आई नेली. भावंडे नातलगांकडे विखुरली. जॉनची काही वर्षे कोलोरॅडोत आजीआजोबांकडे गेली. पुढे तो वडील व सावत्र आई यांच्याकडे कॅन्सस सिटी येथे आला आणि तेथील सम्नर हायस्कूल ह्या कृष्णवर्णीयांच्या शाळेतून शिकला. बास्केटबॉलचे वेड त्याला लहानपणीच लागले होते. परंतु मोठा खेळाडू होण्याइतके अंगचे कसब नव्हते. मग आपण हा खेळ शिकवावा, असे त्याने मनाशी घेतले. पुष्कळ चांगले शिक्षक ह्याच वाटेने शिक्षक होतात, हे आम्ही पेशाच्या अनुभवावरून सांगू शकतो.

वर्षभर कनिष्ठ महाविद्यालयात काढून १९३३ साली जॉन लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमास दाखल झाला. त्या विद्यापीठात त्या वेळी एक वृद्ध प्राध्यापक होते. त्यांचे नाव डॉ. जेम्स नेस्मिथ. बास्केटबॉल हा खेळ ज्यांनी निर्माण केला तेच हे गृहस्थ. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षणशाळेत अठरा विद्यार्थ्यांना हिवाळ्यात गुंतविण्यासाठी त्यांनी सज्जाच्या कठड्यास पीचच्या फळांच्या दोन टोपल्या लावल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर डकविले, आणि खेळ सुरू झाला. वायएमसीएच्याच द्वारे तो पुढे आपल्या देशातही आला. मॅकलेंडन विद्यापीठात आले तेव्हा नेस्मिथ सत्तरी ओलांडलेले होते. हा तरुण थेट त्यांच्या खोलीत गेला आणि आपण माझे सल्लागार आहात असे त्याने सांगितले. कोणी सांगितले, असे विचारता, वडिलांनी, असे उत्तर आले. वडिलांचा शब्द तर मानलाच पाहिजे, असे म्हणून नेस्मिथ यांनी त्याला पदराखाली घेतले.

ह्या गुरुशिष्यसंबंधात एक उणेपण होते, ते झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. खेळाचा जनक ज्याला खेळाचे मर्म शिकवीत होता, त्या विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या संघातून खेळण्याची मुभा नव्हती. संघ गोऱ्यांचा होता. त्याचे शिक्षक फॉग ॲलन हे नेस्मिथ यांचेच जुने शिष्य. त्यांच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू येण्यास १९५१ साल उजाडावे लागले. नेस्मिथ यांनी आपल्या ह्या विद्यार्थ्यासाठी पुष्कळ केले; ग्रंथालय, प्रयोगशाळा, स्वतःचा वेळ सारे खुले केले, शिकविण्याचा सराव मिळवून दिला, पुढच्या शिक्षणाची सोय लावून दिली. संघाचे दार मात्र त्यांच्याने उघडले नाही. शिक्षकाची सज्जनता पुष्कळदा त्याच्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंतच चालते; तरी ती मुळीच नसण्यापेक्षा कितीतरी बरी.

पोहण्याच्या तलावाची हकीकत ह्याच काळातील आहे. शारीरिक शिक्षणाच्या पदवीस पोहणे येणे आवश्यक होते. आणि विद्यापीठाचा तलाव कृष्णवर्णीयांस बंद होता. पाण्यात न उतरताच गुण देऊन टाकण्याची पळवाट अधिकाऱ्यांनी काढून ठेवली होती. मॅकलेंडन यांनी ती स्वीकारली नाही. ते तलावात उतरले. त्यानंतर तलावाचे सारे पाणी सोडून देण्यात आले. आमच्या वाचकांना येथे महाडची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १९२७ साली डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि मागाहून तेथील सवर्णांनी शेण-गोमूत्र घालून तळे शुद्ध करून घेतले. एके ठिकाणी पाणी सोडले, दुसऱ्या ठिकाणी शुद्ध केले, एवढाच काय तो फरक. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे वाचून कोणास बोचले तर आमचा नाइलाज आहे.

पाणी सोडल्यावर मॅकलेंडन यांनी काय केले, ते अधिक महत्त्वाचे आहे. त्यांनी आरडाओरडा केला नाही, आणि माघारही घेतली नाही. नेस्मिथ त्यांच्या पाठीशी होते. शेवटी फॉग ॲलन यांच्याशी असे ठरले की, दोन आठवडे तलाव सर्वांस खुला ठेवावा, आणि त्या मुदतीत काही तंटाबखेडा न झाल्यास तो कायमचा खुला करावा. मॅकलेंडन यांनी आपल्या साऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थिबंधूंना गाठले आणि दोन आठवडे तलावाकडे फिरकू नका, अशी विनंती केली. कोणी गेलेच नाही. मग तंटा होणार कोणाशी? मुदत सरली आणि तलाव खुला झाला. ज्या अटीत समोरच्याने आपली अडवणूक पाहिली, तिच्यातच स्वतःची सोय पाहण्याची ही रीत त्यांनी पुढे जन्मभर वापरली. कोणी तिला मवाळपणा म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. कारण तलाव खुला झाला.

१९३६ साली ते पदवीधर झाले. कॅन्सस विद्यापीठातून शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. पुढच्याच वर्षी आयोवा विद्यापीठाची एम. ए. पदवी घेऊन ते नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डरहॅम ह्या गावी नोकरीस लागले. संस्थेचे नाव होते नॉर्थ कॅरोलिना कॉलेज फॉर निग्रोज. डॉ. जेम्स शेपर्ड ह्या कृष्णवर्णीय शिक्षणमहर्षींनी ती १९१० साली सुरू केली होती, आणि १९४७ साली देह ठेवीपर्यंत तेच तिचे अध्यक्ष होते. त्याच गावात, काही मैलांवर, ड्यूक विद्यापीठ होते. तंबाखूच्या व्यापारातील अफाट संपत्तीवर ते उभे राहिलेले. १९४० साली त्याने बास्केटबॉलसाठी हजारो प्रेक्षक मावतील असे भव्य बंदिस्त क्रीडागृह बांधले. इकडच्या महाविद्यालयाची व्यायामशाळा लहानशी होती. दोन्ही संस्थांचे संघ एकमेकांशी कधी खेळत नसत. खेळावयाचेच नाही, अशी त्या प्रांताची रीतच होती.

मॅकलेंडन तेथे प्रथम साहाय्यक आणि १९४० पासून मुख्य क्रीडाशिक्षक झाले. त्यांनी ह्या खेळात काय बदल केला हे खेळ न जाणणाऱ्या वाचकांस थोडक्यात सांगितले पाहिजे. पूर्वी प्रत्येक गोलानंतर चेंडू पुन्हा मध्यभागी नेऊन दोन खेळाडूंमध्ये उडवावा लागे. १९३७ च्या मोसमापासून हा नियम गेला, आणि गोल झाल्याबरोबर खेळ चालू ठेवता येऊ लागला. तरीही बहुतेक संघ जुन्या सवयीने संथपणे चेंडू पुढे नेत, बाकदार पवित्रा घेत आणि दोन्ही हातांनी स्थिर उभे राहून नेम धरीत. मॅकलेंडन यांना गुरूचा एक धडा आठवत होता. नेस्मिथ यांनी मुलांचा एक साधा खेळ पाहताना त्यांना दाखवून दिले होते की, चेंडू मैदानात जेथे असेल तेथेच खेळ असतो. तो आपल्या टोपलीजवळ येईपर्यंत वाट पाहत बसणे हा खेळाचा हेतू नव्हे. ह्या एका सूत्रावर मॅकलेंडन यांनी आपली सारी पद्धत उभारली. चेंडू हाती येताच संघाने धावत सुटावयाचे. आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जाताच त्याला त्याच्याच अंगणात गाठून कोंडावयाचे. समोरच्यास श्वास घेण्याची उसंत द्यावयाची नाही.

ह्यासाठी दम लागतो. मोसम सुरू होण्यापूर्वी ते मुलांना मैलोन् मैल रानोमाळ पळवीत. ते स्वतः मितभाषी, निर्व्यसनी, आवाज न चढविणारे. परंतु शिस्त कडक. पुढे पुढे चढती बाजू असताना चेंडू मैदानाच्या कोपऱ्यांतून खेळवीत वेळ काढण्याचे डावपेचही त्यांनी बसविले. अशाच प्रकारचे डाव मागाहून डीन स्मिथ ह्या दुसऱ्या नामांकित शिक्षकांच्या नावाने गाजले. लहान संस्थेतील शिक्षकाची कल्पना मोठ्या संस्थेत गेल्यावरच नाव कमावते, हे काही बास्केटबॉलपुरतेच खरे नाही.

आता त्या गुप्त सामन्याकडे वळू. १९४४ सालच्या मोसमात मॅकलेंडन यांचा संघ जवळजवळ अजिंक्य होता. साऱ्या मोसमात त्यांचा एकच पराभव झाला होता. परंतु राष्ट्रीय स्पर्धांचे दार त्यांना बंद. इकडे ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत युद्धकाळामुळे देशभरातून विद्यार्थी आले होते. त्यांपैकी काही आपापल्या महाविद्यालयांचे नामांकित खेळाडू होते, आणि त्यांचा संघ त्या भागातील उत्तम संघांत गणला जाई. दोन्ही महाविद्यालयांतील काही विद्यार्थी वायएमसीएच्या प्रार्थनासभांना चोरून एकत्र जमत. अशाच बैठकीत कोणाचा संघ चांगला ह्यावरून बोलणे निघाले आणि सामन्याची कल्पना जन्मली. जे शब्दांत ठरेना ते मैदानावर ठरवावे, असा निश्चय झाला.

ह्यात धोका किती होता ते समजण्यास एकच उदाहरण पुरे. त्याच वर्षी जुलै महिन्यात, त्याच डरहॅम गावात, बुकर स्पाइसली नावाच्या कृष्णवर्णीय सैनिकास बसमधील जागेच्या वादावरून गोऱ्या बसचालकाने गोळी घालून ठार केले, आणि न्यायालयाने त्या चालकास निर्दोष सोडले. अंगावर देशाचा गणवेष असलेल्या माणसाची ही गत, तर गोऱ्या मुलांशी अंगाला अंग लावून खेळणाऱ्या विद्यार्थ्यांचे आणि तो खेळ घडवून आणणाऱ्या अठ्ठावीस वर्षांच्या शिक्षकाचे काय झाले असते, ह्याची कल्पनाच करावी. नोकरी गेली असती हे तर ठरलेलेच.

१२ मार्च १९४४, रविवार, सकाळी अकराची वेळ. गोरे आणि काळे दोन्ही समाज आपापल्या चर्चमध्ये असतात आणि रस्ते ओस पडतात, म्हणूनच ही वेळ निवडली होती. ड्यूकचे खेळाडू मोटारींतून आडवळणाने आले आणि कोट डोक्यावर ओढून घेऊन व्यायामशाळेत शिरले. दारे आतून बंद करण्यात आली. आत प्रेक्षक नव्हते. पंच होते, घड्याळ होते. तरी बाहेर काही विद्यार्थ्यांना सुगावा लागला आणि त्यांनी खिडक्यांना डोळे लावले. आरंभी दोन्हीकडील मुले बावरलेली होती. मॅकलेंडन यांच्या खेळाडूंपैकी कित्येक जन्मात कधी गोऱ्या मुलाच्या अंगास अंग लावून खेळले नव्हते. हातातले चेंडू सुटत होते, नेम चुकत होते. मग केव्हातरी त्यांच्या ध्यानी आले की, समोरची मुलेही मुलेच आहेत, आणि आपल्याहून संथ आहेत. त्यानंतर धावण्याची ती पद्धत सुरू झाली. अखेरीस गुणसंख्या होती ८८ विरुद्ध ४४. बरोबर दुप्पट.

वैद्यकीय विद्यार्थी रागावून निघून गेले नाहीत. त्यांनी थोडा विसावा घेतला आणि दुसरा सामना झाला. ह्या खेपेस दोन्ही संघांतील खेळाडू मिसळून नव्या जोड्या केल्या होत्या. एक बाजू सदऱ्यांत, दुसरी उघड्या अंगाने. नंतर सारे वसतिगृहात जाऊन गप्पा मारीत बसले. मग आले तसे लपतछपत गेले. तेथील कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राच्या एका वार्ताहरास ही गोष्ट कळली होती. परंतु त्याने एक अक्षर छापले नाही. विजयाची बातमी न छापणे हाच त्या दिवसाचा शहाणपणा होता. कोणत्याही शिक्षकास आपल्या विद्यार्थ्यांचे यश चार लोकांना सांगावेसे वाटते. मॅकलेंडन यांना आपल्या विद्यार्थ्यांचे हे यश पन्नासहून अधिक वर्षे पोटात ठेवावे लागले.

ह्यानंतर त्यांनी उघड करता येतील अशा गोष्टी हाती घेतल्या. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांची कलर्ड इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन नावाची संघटना १९१२ पासून होती. परंतु तिची अशी एक मोठी स्पर्धा नव्हती. मॅकलेंडन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी १९४६ साली वॉशिंग्टन येथे ती सुरू केली. पहिल्याच वर्षी अंतिम सामना त्यांच्या संघाने तीनदा जादा वेळ खेळून व्हर्जिनिया युनियनविरुद्ध ६४-५६ असा जिंकला. ही स्पर्धा पुढे त्या समाजाचा वार्षिक मेळावाच बनली. खेळ पाहण्याइतकेच एकमेकांस भेटण्यासाठी लोक दूरदुरून येऊ लागले. ज्ञातिसंमेलन भरविणाऱ्यांना हे समजावून सांगावयास नको. १९५० साली त्यांनी आपला खेळाडू हॅरल्ड हंटर आणि दुसऱ्या महाविद्यालयाचा अर्ल लॉइड ह्या दोघांस स्वतः मोटारीतून वॉशिंग्टनला चाचणीसाठी नेले. हंटर यांनी व्यावसायिक संघाशी करार केला, पण ते संघात टिकले नाहीत. लॉइड त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला एनबीएच्या सामन्यात उतरणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. पुढे बॉस्टनच्या संघाकडून दहा अजिंक्यपदे मिळविणारे सॅम जोन्स ह्यांनीही महाविद्यालयातील आरंभीचे धडे मॅकलेंडन यांच्याकडेच घेतले.

१९५२ मध्ये डरहॅम सोडून ते दोन वर्षे हॅम्प्टन येथे होते, आणि १९५४ साली नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय ह्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात गेले. तत्पूर्वी १९५० च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी समिती स्थापून राष्ट्रीय स्पर्धांत आपल्या महाविद्यालयांना प्रवेश मिळावा म्हणून अर्जविनंत्या चालविल्या होत्या. मोठ्या विद्यापीठांच्या राष्ट्रीय संघटनेने दाद दिली नाही. लहान महाविद्यालयांची संघटना, जी एनएआयए ह्या नावाने ओळखली जाते, तिने मात्र दार किलकिले केले. ह्या संघटनेने १९४८ पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूस बंदी केली होती. १९५३ पासून तिने त्यांच्या महाविद्यालयांसाठी एक स्वतंत्र विभाग करून त्यातील विजेत्यास राष्ट्रीय स्पर्धेत जागा दिली.

१९५४ च्या डिसेंबरात तिच्याच एका स्पर्धेचे निमंत्रण आले. स्थळ कॅन्सस सिटी. मॅकलेंडन जेथे वाढले त्या गावाच्या नदीपलीकडचे त्याच नावाचे मोठे शहर. आपला संघ येईल, परंतु इतर संघ जेथे उतरतील तेथेच उतरेल आणि जेथे जेवतील तेथेच जेवेल, असे त्यांनी कळविले. शहराच्या मध्यवस्तीतील हॉटेलांत तेव्हा कृष्णवर्णीयांना जागा मिळत नसे. संघटनेचे कार्यवाह ए. ओ. ड्यूर यांनी ही अट मान्य करवून आणली. ह्याला आम्ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा विजय मानतो. मैदानात घेतले म्हणजे पुरे, पंगतीस घेतले नाही तरी चालेल, असे म्हणणारे पाहुणे पुष्कळ असतात. यजमानांना तेच सोयीचे पडतात. मॅकलेंडन यांनी पंगतीची बोलणी आधी केली आणि खेळाची मागाहून.

ह्या राष्ट्रीय स्पर्धेत बत्तीस संघ असत आणि अजिंक्यपदासाठी एका आठवड्यात पाच सामने जिंकावे लागत. रानोमाळ पळून कसलेल्या मुलांना ते मानवणारेच होते. १९५७ साली टेनेसीने अंतिम सामन्यात साउथईस्टर्न ओक्लाहोमाचा ९२-७३ असा पराभव केला. देशपातळीवरील संमिश्र स्पर्धा जिंकणारे कृष्णवर्णीयांचे ते पहिले महाविद्यालय. १९५८ मध्ये पुन्हा अजिंक्यपद. १९५९ मध्ये पुन्हा. तीन वर्षांत पंधरा सामने, आणि एकही पराभव नाही. लागोपाठ तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविणारा असा महाविद्यालयीन शिक्षक तोवर झाला नव्हता. डिक बार्नेट, जॉन बार्नहिल, बेन वॉर्ली हे त्या संघातील खेळाडू. सारे पुढे एनबीएत गेले. बार्नेट यांनी तर न्यूयॉर्कच्या संघाबरोबर दोन अजिंक्यपदे मिळवूनही शिक्षण सोडले नाही आणि शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट घेतली. एवढे होऊनही मोठ्या गोऱ्या विद्यापीठांपैकी एकानेही मॅकलेंडन यांना बोलावले नाही.

नंतरची कारकीर्द आम्ही संक्षेपाने सांगतो. १९५९ मध्ये ते क्लीव्हलंडच्या पायपर्स संघाकडे गेले. हा संघ १९६१ साली नव्या व्यावसायिक मंडळात आला, तेव्हा गोऱ्याकाळ्यांच्या संमिश्र व्यावसायिक मंडळातील ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य शिक्षक झाले. मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांच्याशी न पटल्याने १९६२ च्या आरंभी त्यांनी राजीनामा दिला. १९६३ ते ६६ केंटकी स्टेट, आणि त्यानंतर तीन वर्षे क्लीव्हलंड स्टेट. बहुसंख्य गोरे विद्यार्थी असलेल्या विद्यापीठाने कृष्णवर्णीय माणसाच्या हाती आपला बास्केटबॉल संघ सोपविल्याचे हे पहिले उदाहरण होय. तेथे विजयांपेक्षा पराभवच अधिक पदरी पडले. १९६९ मध्ये डेन्व्हरच्या व्यावसायिक संघात त्यांना अवघ्या २८ सामन्यांनंतर निरोप मिळाला. पुढे अनेक वर्षे ते कॉन्व्हर्स ह्या बुटांच्या कंपनीत होते आणि तिच्या वतीने ठिकठिकाणी खेळाचे वर्ग घेत असत. मधल्या काळात, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी, अमेरिकेच्या संघाच्या शिक्षकवर्गात त्यांचा समावेश झाला.

आरंभी आम्ही ज्या गोष्टीचा उल्लेख केला तिच्याकडे आता येतो. १९६० नंतर मोठी विद्यापीठे कृष्णवर्णीय खेळाडूंस घेऊ लागली. त्यांच्याकडे पैसा होता, मोठी क्रीडागृहे होती, पुढे दूरचित्रवाणीही आली. जी मुले पूर्वी नाइलाजाने डरहॅमला किंवा नॅशव्हिलला येत, त्यांतील उत्तम ती आता तिकडे जाऊ लागली. मुले गेली, त्यांना घडविणारे शिक्षक मात्र मागेच राहिले, कारण शिक्षकांना बोलावणे आले नाही. एका पिढीत त्या लहान महाविद्यालयांचा दबदबा ओसरला. हे दार उघडण्यासाठी ज्यांनी सर्वांत अधिक कष्ट केले, त्यांपैकी मॅकलेंडन एक होते. मग त्यांनी चूक केली काय? आमच्या पाहण्यात असे म्हणणारे लोक आहेत. आपल्या ज्ञातीतही वसतिगृहे ओस पडू लागल्यापासून मुलांनी बाहेर जाऊ नये, संस्थेस धरून राहावे, असे बोलणारे आहेत. आम्हांस ते पटत नाही. ज्या घरात मुले दुसरीकडे जागा नाही म्हणून राहतात, ते भरलेले घर नव्हे. परंतु दार उघडताना शिक्षकालाही आत घेण्याची अट घालावयास हवी होती, जशी हॉटेलाची घातली होती, असे मात्र मनात आल्यावाचून राहत नाही. ती अट घालणे एकट्या मॅकलेंडन यांच्या हाती नव्हते, हेही तितकेच खरे.

१९७९ साली बास्केटबॉलच्या सन्मानमंदिरात त्यांचे नाव दाखल झाले. तेथे येणारे ते पहिले कृष्णवर्णीय क्रीडाशिक्षक. परंतु त्यांना घेण्यात आले ते शिक्षक म्हणून नव्हे, तर खेळास साहाय्य करणारे गृहस्थ म्हणून. महाविद्यालयीन संघांबरोबर पाचशेहून अधिक सामने जिंकणाऱ्या माणसास ही उपाधी! वृद्धपणी ते क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठात परत आले, आणि क्रीडेचा इतिहास व त्यातील अल्पसंख्याकांचा वाटा हा विषय शिकवू लागले. १९९६ मध्ये स्कॉट एल्सवर्थ ह्या इतिहासकारांनी डरहॅमच्या त्या रविवारची हकीकत न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिक पुरवणीत छापली, तेव्हा बावन्न वर्षांनी जगास ती गुणसंख्या समजली. ती वाचावयास मॅकलेंडन हयात होते. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, क्लीव्हलंड हाइट्स येथे त्यांचे देहावसान झाले.

२०१६ साली सन्मानमंदिराने त्यांचे नाव दुसऱ्यांदा दाखल केले, ह्या खेपेस शिक्षक म्हणून. त्यांच्या टेनेसीच्या संघाचे मात्र तेथे नाव नव्हते. डिक बार्नेट यांनी त्यासाठी अनेक वर्षे पत्रे लिहिली, माणसे गाठली, आणि २०१९ मध्ये तो तीन अजिंक्यपदांचा संघ सन्मानमंदिरात गेला. अखेरच्या विजयास तेव्हा साठ वर्षे झाली होती आणि त्या संघातील बरेच जण हयात नव्हते. २०२४ मध्ये स्वतः बार्नेट यांचे नाव दाखल झाले. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, तेही वारले.